सीएनसी सेटर व्हायचंय? आधी शिकण्याचा क्रम सरळ करा

जी-कोड (संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनला द्यायच्या सूचना) तोंडपाठ, सिम्युलेटरवर ढीगभर प्रोग्रॅम चालवलेले, हातात प्रमाणपत्र. आणि तरी वर्ष-दीड वर्ष काम काय, तर दार उघडायचं, झालेला जॉब (मशीनवर घडवायचा तुकडा) काढायचा, नवा लावायचा, हिरवं बटण दाबायचं. नव्या मुलामुलींकडून हे गाऱ्हाणं मी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली मी उलट एकच प्रश्न विचारतो: "मायक्रोमीटर पहिल्यांदा कधी हातात घेतलास?" उत्तर बहुतेक वेळा "नोकरी लागल्यावर" असंच येतं.

इथेच घोडं पेंड खातं. शिकवणीत प्रोग्रॅम आधी, मशीन नंतर आणि मोजमाप जमलं तर, असा क्रम असतो. शॉपवर सगळं उलटं चालतं. तिथे तुम्हाला आधी एक तयार जॉब देऊन "मोज" म्हणतात, मग "लाव" म्हणतात, प्रोग्रॅमला हात लावू देतात तो सगळ्यांत शेवटी. म्हणून हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे. उदाहरणं टर्निंग (जॉब फिरवून कापणं) आणि मिलिंगची (टूल फिरवून कापणं) आहेत. सेटर म्हणजे जॉब आणि टूल लावून मशीन मापात चालू करून देणारा. ध्येय असं धरलंय: हातात ड्रॉइंग, समोर रिकामी मशीन, शेजारी विचारायला कोणी नाही, आणि पहिला जॉब मापात. रोज काही तास मशीन मिळत असेल, तर माझ्या अंदाजाने यात वर्ष ते दीड वर्ष जातं. सहा आठवड्यांत हे होणार असं कोणी सांगत असेल, तर त्या सहा आठवड्यांत फक्त कोड पाठ होतील हे समजून पैसे भरा.

तयारी: नाव नोंदवण्याआधी

प्रशिक्षणाची जागा निवडताना भिंतीवरची पत्रकं वाचत बसू नका. वर्कशॉपमध्ये जा आणि स्क्रॅपचा डबा बघा. डब्यात ताज्या चिप्स आणि बिघडलेले जॉब दिसले, तर तिथे मशीन चालते आणि शिकणाऱ्यांना चुका करू देतात. डबा लखलखीत असेल तर मशीन शोभेची आहे. मग तीन प्रश्न विचारा. एका मशीनमागे किती जण? प्रत्येकाला एकट्याने सेटिंग किती वेळा करायला मिळतं? आणि मापनाची साधनं कपाटात कुलूपबंद असतात की टेबलावर? "डेमो दाखवतो" हे उत्तर आलं तर पुढची जागा बघा.

गणित फार लागत नाही, पण जे लागतं ते पक्कं हवं: दशांश अपूर्णांक, पायथागोरस, साइन-कोसाइन-टॅन्जंट. ०.०५ मधून ०.००८ वजा करताना बोटं मोजावी लागत असतील, तर आधी महिनाभर तेवढंच करा. स्वतःच्या वस्तू चार घ्या: बरा १५० मिमीचा कॅलिपर, सेफ्टी शूज, सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि जाड पुठ्ठ्याची वही. वहीचं काम शेवटी येणार आहे.

सावध: फिरणाऱ्या स्पिंडलजवळ हातमोजे घालायचे नाहीत. मोजा अडकला की मागोमाग हात ओढला जातो. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी, लोंबती बाही, मोकळे केस यांचंही तेच. चिप्स हाताने ओढायच्या नाहीत, त्यासाठी आकडा असतो. आणि एअर गन अंगावरचे कपडे झटकायला नाही.

टप्पा १: मोजमाप

नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी मी एक गोल शाफ्ट टेबलावर ठेवतो आणि पाच जणांना आळीपाळीने मोजायला सांगतो. रीडिंग चिठ्ठीवर लिहायचं, दुसऱ्याला दाखवायचं नाही. शाफ्ट एक, मायक्रोमीटर एक, आणि चिठ्ठ्या उघडल्यावर पाच उत्तरं. २४.९८, २४.९५, २५.०१… एकाने तर २५.४८ लिहिलेलं असतं. त्याला स्लीव्हवरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ उघडी पडल्याचा भास झालेला असतो. ज्या जॉबवर चूक चालणार ती जेमतेम ०.०२ची, तो या पाच हातांनी कसा बनणार?

शिकायचा क्रम असा ठेवा.

१. साधन आणि जॉब दोन्ही पुसा. कडेची बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार किनार, काढा. बर तशीच ठेवून मोजणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे.

२. साधनाचं झिरो बघा. मायक्रोमीटर बंद केल्यावर ०.०३ जास्त दाखवत असेल, तर प्रत्येक रीडिंगमधून ०.०३ वजा करायचे. कमी दाखवत असेल तर मिळवायचे.

३. मायक्रोमीटर रॅचेटने बंद करा, दोन-तीन टकटक झाली की थांबा. थिंबल (फिरवायची मूठ) पिळून घट्ट करणाऱ्याला जॉब नेहमीच "मापात" मिळतो.

४. कॅलिपरमध्ये जॉब जबड्याच्या मुळाशी धरा. टोकाशी धरलात तर जबडा किंचित कलतो.

५. एकच माप तीनदा घ्या. तिन्ही वेळा तेच आलं तरच लिहा.

कोणतं साधन कशाला, याचा ढोबळ नियम: जेवढा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) मोजायचा, त्याच्या साधारण दहाव्या भागाइतका साधनाचा लीस्ट काउंट (त्यावर वाचता येणारं सगळ्यांत लहान माप) हवा. साध्या व्हर्निअरचा ०.०२ मिमी, साध्या मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी. म्हणजे ०.०२चा टॉलरन्स व्हर्निअरने तपासणारा स्वतःची समजूत काढतोय. लहान बोअर (आतलं गोल भोक) कॅलिपरच्या वरच्या टोकांनी मोजला तर तो खऱ्यापेक्षा थोडा लहानच दिसतो, कारण त्या टोकांना सपाट कड असते. बोअरला बोअर गेज वापरा आणि ते हलकेच डोलवून काटा कुठे वळतो तो बिंदू वाचा.

तापमानाकडे कोणी बघत नाही. मापनाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस धरलेलं आहे. पोलादाचा १०० मिमी लांबीचा तुकडा १० अंशांनी तापला तर साधारण ०.०११ ते ०.०१२ मिमीने वाढतो, ॲल्युमिनियम त्याच्या दुपटीने. मशीनमधून काढलेला कोमट जॉब मापात बसला म्हणून खूश होऊन खोक्यात टाकावा, आणि तासाभराने तपासणीवाल्याने तो परत आणून द्यावा, हे इथूनच होतं.

पडताळा: दहा तुकडे सकाळी मोजून लिहा. संध्याकाळी सकाळची पाटी झाकून तेच परत मोजा. दोन्ही वेळच्या रीडिंगमध्ये कुठेही ०.०१ पेक्षा जास्त फरक नसेल तर पुढे जा. असेल तर अजून आठवडाभर हेच. कंटाळवाणं आहे, मान्य.

टप्पा २: ड्रॉइंग वाचणं

ड्रॉइंग हातात आलं की आधी प्रोजेक्शनचं चिन्ह बघा, ते छाटलेल्या शंकूचं छोटं चित्र. फर्स्ट अँगलमध्ये वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याखाली काढतात, थर्ड अँगलमध्ये वर. हे चिन्ह न बघता जॉब केला तर तो सुबक, मापात आणि आरशातला होतो. तो दुरुस्त करता येत नाही.

मग डेटम शोधा. कुठल्या पृष्ठभागावरून मापं दिली आहेत ते कळलं की जॉब कुठे पकडायचा आणि झिरो कुठे घ्यायचा, हे निम्मं ठरतं.

नंतर टॉलरन्स. "२५ एच७" असा बोअर लिहिला असेल, मोठ्या एचने, तर २५.००० ते २५.०२१ मिमी. त्यात बसणारा शाफ्ट "२५ जी६" असेल, लहान जीने, तर २४.९८० ते २४.९९३. म्हणजे दोघांत कमीत कमी ०.००७ आणि जास्तीत जास्त ०.०४१ची फट. अक्षर मोठं की लहान याला अर्थ आहे: मोठं बोअरसाठी, लहान शाफ्टसाठी. ज्या मापापुढे टॉलरन्स लिहिलेलाच नाही, ते "कसंही चालेल" नसतं. खाली कोपऱ्यातल्या चौकटीत सर्वसाधारण टॉलरन्स दिलेला असतो. तिथे आयएसओ २७६८ मध्यम वर्ग असेल, तर ६च्या वर ३० मिमीपर्यंत ±०.२, ३०च्या वर १२० मिमीपर्यंत ±०.३.

माप धरायचं कुठे? पुस्तक म्हणतं मधोमध. एकच जॉब असेल तर बरोबर आहे. पण शंभर करायचे असतील तर टूल झिजणार हे धरून चाला. टूल झिजलं की बाहेरचा व्यास वाढत जातो आणि बोअर कमी होत जातो. म्हणून बाहेरचा व्यास मध्यापेक्षा जरा खाली सुरू करा आणि बोअर जरा वर. ऑफसेटला (मशीनमध्ये भरलेल्या मापाच्या दुरुस्तीला) हात लावायची वेळ उशिरा येते.

सरावासाठी प्रत्येक ड्रॉइंगवरून एक तक्ता बनवा: प्रत्येक भोकाचा डेटमपासूनचा एक्स आणि वाय. ८० मिमी पीसीडीवर (भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासावर) सहा भोकं, पहिलं एक्स अक्षावर असेल, तर पहिलं (४०, ०), दुसरं (२०, ३४.६४१), तिसरं (−२०, ३४.६४१). इथे दोन चुका हटकून होतात. पीसीडी हा व्यास आहे हे विसरून ८० त्रिज्या धरली जाते. किंवा साखळीत दिलेली मापं एकमेकांत मिळवताना मधलं एखादं सुटतं.

पडताळा: ड्रॉइंग बाजूला ठेवून जॉबचं चित्र मोकळ्या हाताने काढा. दृश्यं चुकली तर तुम्ही अजून ड्रॉइंग वाचलेलं नाही, नुसतं बघितलंय.

टप्पा ३: हाताची मशीन

"आता कोण वापरतं लेथ?" असं म्हणून हा टप्पा गाळणारे पुष्कळ. दोन-तीन महिने तरी द्या. फेसिंग, स्टेप टर्निंग, ड्रिलिंग, आटे पाडणं आणि मिलिंगवर सहाही बाजू काटकोनात असलेला एक ठोकळा. हँडलमधून कट हाताला लागतो, टूल बोथट झालं की आवाज बदलतो, चॅटर (टूलची थरथर) सुरू झालं की हात दचकून मागे येतो. सीएनसीचं दार बंद असतं, कूलंटचा फवारा असतो. आत काय चाललंय ते कानानेच ओळखावं लागतं. तो कान इथे तयार होतो. ठोकळ्याचा काटकोन १०० मिमीला ०.०५च्या आत आला की पुरे, इथे मुक्काम ठोकू नका.

टप्पा ४: टूल, स्पीड, फीड

सूत्र एकच पाठ करा: आरपीएम म्हणजे कटिंग स्पीड गुणिले १००० भागिले (पाय गुणिले व्यास). मिलिंगमध्ये व्यास टूलचा, टर्निंगमध्ये जॉबचा. २० मिमीचा एंडमिल (मिलिंगचं दातेदार टूल), कटिंग स्पीड मिनिटाला १०० मीटर, तर सुमारे १५९२ आरपीएम. चार दाते, प्रत्येक दाताला ०.०५ मिमी फीड (पुढे सरकणं), तर टेबल फीड मिनिटाला साधारण ३१८ मिमी. कटिंग स्पीडचा आकडा अंदाजाने घेऊ नका. इन्सर्टच्या (टूलला लावायच्या बदलत्या धारेच्या तुकड्याच्या) डबीवर धातूनुसार पट्टा छापलेला असतो, सुरुवातीला त्याच्या खालच्या टोकाजवळ राहा.

इन्सर्टचं नावही वाचता आलं पाहिजे. सीएनएमजी १२०४०८ मध्ये सी म्हणजे ८० अंशांचा चौकटीसारखा आकार, १२ कडेची लांबी, ०४ जाडी, ०८ म्हणजे नोज रेडियस (टोकाची गोलाई) ०.८ मिमी. हा शेवटचा आकडा फिनिश ठरवतो. फीडचा वर्ग भागिले आठपट नोज रेडियस केलं की रेघांची सैद्धांतिक उंची मिळते: फीड ०.२ आणि रेडियस ०.८ असेल तर सुमारे ६ मायक्रॉन. फीड निम्मं केलं की उंची चौथाई होते. फिनिश येत नाही म्हणून आरपीएम वाढवत बसणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

टॅपिंगसाठी (भोकात आटे पाडायला): एम६ला ५.० मिमी ड्रिल, एम८ला ६.८, एम१०ला ८.५. फीड म्हणजे पिच (दोन आट्यांतलं अंतर) गुणिले आरपीएम. एम८चा पिच १.२५, ४०० आरपीएमला फीड ५००. इथे "जरा कमी ठेवू" चालत नाही, टॅप मोडतो.

सावध: भीतीपोटी फीड फार कमी करणं ही नवशिक्यांची ठरलेली खोड. दात धातूत शिरतच नाही, नुसता घासतो, तापतो आणि बोथट होतो. दुसरी खोड म्हणजे टूल उगाच लांब बाहेर काढणं. बाहेर निघालेली लांबी दुप्पट केली तर त्याच जोराने टूल आठपट वाकतं. लागेल तेवढंच बाहेर ठेवा.

टप्पा ५: मशीन सेटिंग

नोकरीतली खरी किंमत याच टप्प्याची, आणि शिकवणीत सगळ्यांत घाईने उरकतात तोही हाच. व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची सीएनसी मिलिंग मशीन) धरून क्रम सांगतो.

१. मशीन चालू करा, अक्ष रेफरन्सला (मशीनच्या ठरलेल्या मूळ जागी) न्या, स्पिंडल दहा-पंधरा मिनिटं कमी वेगाने फिरवून गरम होऊ द्या.

२. टेबल आणि व्हाइसचा तळ पुसा. नुसतं फडकं नाही, तळहात फिरवा. डोळ्याला न दिसणारी चिप तळव्याला लागते.

३. व्हाइसचा स्थिर जबडा डायलने (काट्याच्या मापकाने) सरळ करा. पूर्ण लांबीत काटा ०.०१च्या आत राहिला पाहिजे. सरकत्या जबड्याला डायल लावू नका, तो हलतोच.

४. जॉब पॅरललवर (सारख्या उंचीच्या पट्ट्यांवर) बसवा, घट्ट करा, मऊ हातोडीने ठोका, मग पॅरलल बोटाने हलवून बघा. हलला तर जॉब बसलेला नाही.

५. टूल लावा. प्रत्येक टूलचा नंबर, लांबी आणि काम कागदावर लिहा.

६. वर्क झिरो (जॉबवरचा शून्य बिंदू) घ्या. १० मिमीच्या एज फाइंडरने डावी कड शिवली की स्पिंडलचा मध्य कडेपासून ५ मिमी डावीकडे असतो, म्हणजे तिथला एक्स −५. हे ५ विसरणं किंवा उलट चिन्हाने टाकणं इतकं नेहमीचं आहे की जॉब बरोबर ५ किंवा १० मिमी सरकलेला दिसला, तर मी दुसरं काही तपासतच नाही.

७. प्रत्येक टूलचा लांबीचा ऑफसेट घ्या. ५० मिमी उंचीचा गेज वापरत असाल तर ती उंची कुठे वजा होते, ऑफसेटमध्ये की वर्क झेडमध्ये, ते एकदाच ठरवा. दोन्हीकडे वजा झाली तर टूल जॉबमध्ये ५० मिमी खाली जाईल.

माझ्या हातून झालेली टक्कर इथलीच. टूल नंबर तीन, पण त्याच्या ओळीत एच२, म्हणजे दोन नंबरच्या टूलचा लांबीचा ऑफसेट, लिहिलेलं. दोन नंबरचं टूल छोटं, तीनचं लांब ड्रिल. मशीनने छोट्या टूलचा हिशेब लावला आणि ड्रिल रॅपिडने (न कापता हलायच्या जलद चालीने) थेट जॉबमध्ये घातलं. आवाज आधी आला, मला कळलं नंतर. ड्रिल तीन तुकडे, होल्डर वाकलेला, आणि स्पिंडल तपासेपर्यंत मशीन बंद. सुपरवायझर ओरडला नाही. त्याने फक्त एक स्टीलची पट्टी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "आजपासून प्रत्येक टूल हिने बघायचं."

त्याने सांगितलेली पद्धत मी आजही तशीच शिकवतो. सेटिंग झालं की एकेक टूल घ्या, रॅपिड सगळ्यांत कमी ठेवा आणि एमडीआयमध्ये (एकेक ओळ हाताने टाकून चालवायची पद्धत) जी५४ (वर्क झिरो), जी४३ (टूलची लांबी), त्या टूलचा एच नंबर आणि झेड १०० द्या. टूल थांबलं की त्याचं टोक आणि जॉबचा वरचा भाग यांतलं अंतर पट्टीने मोजा. १०० आलं तर ऑफसेट बरोबर. ५० किंवा १५० आलं तर गेजच्या उंचीचा घोळ. भलताच आकडा आला तर एच नंबर बघा. एका टूलला अर्धं मिनिट लागतं. मात्र प्रोग्रॅममधल्या ओळीत चुकीचा एच असेल तर तो एमडीआयमध्ये सापडणार नाही, म्हणून प्रोग्रॅममधला प्रत्येक टी आणि त्याच्या पुढचा एच बोट ठेवून जुळवा. माझं ड्रिल त्यानेच वाचलं असतं.

टर्निंगला सॉफ्ट जॉ (चकचे कापता येणारे मऊ जबडे) वापरत असाल तर ते जॉबच्या पकडायच्या व्यासालाच बोअर करा, आणि बोअर करताना जॉमध्ये रिंग पकडून दाब तसाच ठेवा, जसा पुढे जॉब पकडताना असणार आहे. मोकळे जॉ बोअर केले तर जॉब पकडल्यावर रनआउट येतो (जॉब मध्य सोडून फिरतो) आणि दोष मशीनवर जातो.

पडताळा: सगळं उतरवा. दुसऱ्या दिवशी तेच सेटिंग एकट्याने परत करा. न विचारता जमलं तरच पुढे.

टप्पा ६: आता प्रोग्रॅम

इथपर्यंत आलेल्याला प्रोग्रॅम फार लवकर येतो, कारण प्रत्येक ओळ म्हणजे काय होणार ते डोळ्यांपुढे असतं. आधी हाताने लिहा, कॅम सॉफ्टवेअर (मॉडेलवरून प्रोग्रॅम बनवणारं) नंतर. मिलिंगची सुरुवात साधारण अशी असते:

टी१ एम६
जी९० जी५४ जी० एक्स०. वाय०.
एस१६०० एम३
जी४३ एच१ झेड१००.

आधी टूल, मग जागा, मग स्पिंडल, मग उंची. झेड आधी खाली आणून नंतर एक्स-वाय हलवलं तर वाटेतला क्लॅम्प टूल घेऊन जाईल.

अडखळायच्या जागा मोजक्याच आहेत, पण प्रत्येक महागात जाते. दशांश बिंदू पहिला: बऱ्याच कंट्रोलवर बिंदू न देता एक्स१० लिहिलं तर मशीन ते १० मायक्रॉन समजते. दुसरी जागा जी००. रॅपिडमध्ये टूल नेहमी सरळ रेषेत जातं असं नाही. दोन्ही अक्ष आपापल्या पूर्ण वेगाने निघतात आणि ज्याचं अंतर आधी संपतं तो थांबतो, त्यामुळे वाट मोडकी होऊ शकते. तिसरी, जी९१. एकदा दिलं आणि जी९० परत द्यायला विसरलात, की पुढची सगळी मापं आहेत त्या जागेपासून धरली जातात.

टर्निंगमधली एक वेगळी सांगतो, कारण तिच्यात माणसाला इजा होऊ शकते. जी९६ने कटिंग स्पीड स्थिर ठेवली की टूल मध्याकडे जाताना आरपीएम वाढत जातो. मिनिटाला २०० मीटर ठेवलं तर १० मिमी व्यासाला सुमारे ६३६६ आरपीएम होतो, आणि मध्याजवळ मशीनच्या कमाल वेगापर्यंत चढतो. चकची पकड वेगाबरोबर ढिली होते. जॉब मोठा किंवा वेडावाकडा असेल तर तो सुटून दारावर येतो. म्हणून जी९६च्या आधी कमाल आरपीएमची मर्यादा लिहायचीच. फानुक पद्धतीच्या बऱ्याच लेथवर ती जी५० एस२००० अशी देतात. आकडा जॉब आणि चक बघून ठरवा.

कॅमवर गेल्यावर एक लक्षात ठेवा: तुमचा व्हाइस आणि क्लॅम्प तुम्ही मॉडेलमध्ये काढला नसेल, तर सिम्युलेशनला तो दिसत नाही. पडद्यावर सगळं हिरवंगार असतं.

टप्पा ७: पहिला जॉब

१. ग्राफिक बघा. नंतर वर्क झेड १०० मिमी वर उचलून प्रोग्रॅम हवेत चालवा.

२. झेड परत खाली आणा आणि आणल्याचं मोठ्याने म्हणा. हसू येईल, पण विसरणार नाही.

३. सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) चालू, रॅपिड सगळ्यांत कमी, एक हात फीड होल्डवर (चाल थांबवायच्या बटणावर).

४. टूल खाली येताना डोळे दोन ठिकाणी ठेवा: टूलच्या टोकावर आणि "डिस्टन्स टू गो"च्या आकड्यावर. टूल जॉबपासून दोन बोटांवर दिसतंय आणि पडदा म्हणतोय अजून ६० मिमी जायचंय? फीड होल्ड दाबा. टक्कर टाळायला एवढी एक सवय पुरते.

५. फिनिश कट थेट मापावर नेऊ नका. समजा टर्निंगला व्यास २९.९९ हवा आहे. वेअर ऑफसेटमध्ये (टूलच्या झिजेसाठीच्या दुरुस्तीत) एक्सला +०.३ टाका आणि चालवा. ३०.२९ यायला हवा होता, मोजल्यावर ३०.३३ आला. म्हणजे ०.३४ जास्त आहे. ०.३ मधून ०.३४ वजा करा, वेअर ऑफसेट −०.०४. फिनिश परत चालवा.

६. जॉब थंड होऊ द्या, बर काढा आणि ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप तपासून समोर लिहा. ज्या मापाची खात्री वाटते तेच बहुधा चुकलेलं असतं.

सावध: माप चुकलं की नवशिका लगेच प्रोग्रॅम बदलतो. आधी मोजमाप परत करा, मग पकड, मग टूलची धार, मग ऑफसेट, आणि प्रोग्रॅम सगळ्यांत शेवटी. दोन गोष्टी एका वेळी बदलल्या तर कशाने सुधारलं ते कधीच कळणार नाही.

टप्पा ८: काम मिळवताना

आता ती वही. प्रत्येक सेटिंगला एक पान: जॉबचं रेखाचित्र, पकड कशी होती, टूलची यादी, स्पीड-फीड, पहिल्या जॉबची मापं, आणि शेवटी "काय बिघडलं" असा रकाना. मुलाखतीत प्रमाणपत्रावर नजर फिरवून माणूस ते बाजूला ठेवतो, वही मात्र उलटत बसतो. त्यातही तो बिघडलेल्या रकान्यापाशी थांबतो. तो कोरा ठेवू नका.

पाच अक्षांची मशीन, सीएमएम (जॉबची मापं घेणारं यंत्र), रोबोट, धातूचं थ्रीडी प्रिंटिंग यांपैकी कुठे वळायचं ते वर्षभर सेटिंग केल्यावर ठरवा. सीएमएमकडे जायचं असेल तर पहिला आणि दुसरा टप्पा पुन्हा खोलात करावा लागेल, रोबोटकडे जायचं असेल तर इलेक्ट्रिकल आणि पीएलसी (मशीनचं नियंत्रण करणारा छोटा संगणक) नव्याने शिकावं लागेल.

मुलाखत संपताना ते विचारतील, तुमचे काही प्रश्न आहेत का. पगाराआधी हे विचारा: इथे सेटिंग कोण करतं, मी त्याच्याबरोबर उभा कधीपासून राहीन, आणि पहिलं सेटिंग एकट्याने कधी करेन? नेमकी मुदत सांगणारी जागा थोड्या कमी पगारात घ्या. "बघू, आधी मशीन तर चालवा" म्हणणाऱ्या ठिकाणी जायचंच झालं, तर सेटर कोणत्या पाळीत येतो ते विचारून तीच पाळी मागून घ्या.